गाठीत शिरणारे जिवाणू

तुरीचे किंवा हरभऱ्याचे एखादे झाड हलक्या हाताने उपटून पाहावे. मुळांवर लहान लहान गाठी दिसतात. त्यातली एक गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, म्हणजे समजावे की रायझोबियम नावाचे जिवाणू तेथे कामाला लागले आहेत. हवेतला नत्र पिकाला मिळवून देण्याचे काम ते बिनबोभाट करीत असतात. ही गाठ शेतकऱ्याच्या उपयोगाची. परंतु माणसाच्या अंगात येणारी एक गाठ अशी असते, की तिचे नुसते नाव निघाले तरी घरातल्या माणसांच्या घशाखाली घास उतरत नाही. ती म्हणजे कर्करोगाची, आपण ज्याला कॅन्सर म्हणतो त्याची गाठ.

या दोन गाठी एकाच लेखात आणण्याचे कारण सांगतो. मागील हंगामात सिरसाळा परिसरातील एका गावी आम्ही बियाण्याला जिवाणू खत कसे चोळावे हे दाखवीत होतो. तेथे एका शेतकरी बंधूंनी मोबाइलवर आलेला मजकूर पुढे केला. जिवाणूंचे नवे औषध निघाले असून त्याने कॅन्सर मुळासकट जातो, असे त्यात लिहिले होते. त्यांच्या घरात आजारी माणूस होते. "साहेब, तुम्हाला जिवाणूंतले कळते. हे खरे असेल तर मुंबईच्या दवाखान्याची तारीख पुढे ढकलावी म्हणतो," असे ते म्हणाले.

तारीख पुढे ढकलू नये, हे उत्तर त्यांना तेथेच दिले. मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु प्रश्न जिवाणूंचा होता आणि असा प्रश्न आणखीही अनेक घरांत पडला असेल. त्या मजकुरात खरे किती, अर्धे किती आणि खोटे किती, हे शेतकरी कुटुंबांना समजावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

जिवाणू : वैरी आणि सोबतीही

जिवाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, एकाच पेशीचा जीव. पटकी, क्षय, धनुर्वात हे रोग जिवाणूंमुळे होतात, म्हणून त्यांचे नाव वाईट झाले. पण दुधाचे दही करणारे जिवाणूच. उकिरड्याचे खत करणारे त्यांच्यातलेच. आपल्या आतड्यांतही असंख्य जिवाणू राहतात व त्यातले बहुतेक आपल्याला त्रास देत नाहीत.

जिवाणूंकडून आपल्याला हवे ते प्रथिन बनवून घेण्याची विद्याही आता नवी राहिलेली नाही. कोणते प्रथिन कसे बनवावे, याचा हुकूम प्रत्येक जिवाच्या पेशीत लिहिलेला असतो. त्या हुकमाला जनुक म्हणतात. १९७८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्शुलिनचे जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातले आणि तो जिवाणू इन्शुलिन बनवू लागला. १९८२ पासून ते औषध म्हणून तेथे विकले जाऊ लागले. आज साखरेच्या आजारासाठी जे इन्शुलिन टोचले जाते, ते असेच जिवाणू किंवा किण्व यांच्याकडून तयार करून घेतलेले असते.

बीटी कापूस तर आपल्या रानातलाच आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे एक जनुक कपाशीत घातले आणि त्या जनुकाचे प्रथिन बोंडअळीला मारू लागले. मार्च २००२ मध्ये या कपाशीला आपल्या देशात परवानगी मिळाली. तेव्हा जनुक, जिवाणू आणि प्रथिन हे तीन शब्द कापूस उत्पादकाला परके नाहीत.

कर्करोगाची गाठ आतून कशी असते

शरीरातील पेशी जुन्या होतात, मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. हे सगळे मापात चाललेले असते. एखादी पेशी हे माप सोडून वाढत सुटली की कर्करोग होतो. पिकाचे खत-पाणी खाऊन बांधावरची हराळी रानभर पसरावी, तसा तो पसरतो.

त्यावर आज मुख्यतः शस्त्रक्रिया, किरणांचा उपचार आणि औषधे हे उपाय आहेत. या उपायांनी असंख्य माणसे बरी झाली आहेत, होत आहेत. परंतु औषधांची एक अडचण असते. सलाईनमधून दिलेले औषध सगळ्या अंगात फिरते. वेगाने वाढणाऱ्या पेशींवर त्याचा मारा असतो आणि केसांच्या मुळांतल्या, तोंडातल्या व आतड्यातल्या चांगल्या पेशीही वेगानेच वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, उलट्या होतात. उलट मोठ्या गाठीच्या पार मध्यभागी औषध पुरेसे पोचतच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे काहीसे होते.

मध्यभागी का पोचत नाही, तेही पाहू. गाठ वेड्यावाकड्या वेगाने वाढते. तिच्या रक्तवाहिन्या त्या वेगाला पुऱ्या पडत नाहीत. पाटाचे पाणी रानाच्या टोकाला पोचू नये, तसे रक्त गाठीच्या गाभ्यात पोचत नाही. रक्त नाही म्हणून प्राणवायू नाही, आणि औषधही नाही. किरणांच्या उपचाराचा परिणाम होण्यासही प्राणवायूची मदत लागते. त्यामुळे गाठीचा गाभा किरणांनाही दाद देत नाही. तेथे अर्धमेल्या पेशींचा चिखल साचतो. शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचाही तेथे नीट बंदोबस्त नसतो.

ही जागा औषधाला अवघड आहे. पण काही जिवाणूंना अशीच जागा मानवते.

फऱ्याची साक्ष

गुरे पाळणाऱ्यांना हे पटकन समजेल. पावसाळ्याच्या तोंडावर आपण जनावरांना फऱ्याची लस टोचून घेतो. या रोगाच्या जिवाणूंची बीजे मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात आणि चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात जातात. पुढे मार लागलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या मांसल भागात ती उगवतात. पुठ्ठ्यावर किंवा खांद्यावर सूज येते आणि ती दाबली की कुरकुर आवाज होतो. धनुर्वाताचे जिवाणूही त्याच कुळातले. मोकळी हवा त्यांना सोसत नाही, खोल आणि कोंदट जखम मात्र मानवते.

१९५५ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी धनुर्वाताची बीजे उंदरांना टोचून पाहिली. निरोगी उंदरांना काही झाले नाही, कारण ती बीजे उगवण्याजोगी जागाच त्यांच्या अंगात नव्हती. ज्या उंदरांना गाठी होत्या ते मात्र दोन दिवसांत धनुर्वाताने मेले. बीजे नेमकी गाठीत जाऊन उगवली होती. तो प्रयोग दुःखद खरा, पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. अंगात गाठ कोठे आहे हे काही जिवाणू आपण होऊन शोधून काढतात.

पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी याच कुळातला एक जिवाणू निवडला आणि त्याचे जहर बनवणारे जनुक काढून टाकले. हा निर्विष जिवाणू गाठी झालेल्या १६ पाळीव कुत्र्यांच्या गाठीतच टोचला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन कुत्र्यांची गाठ पूर्ण नाहीशी झाली, तिघांची बरीच आटली. उरलेल्यांना असा लाभ झाला नाही.

गाय, बटाटा आणि गुरांचा डॉक्टर

जिवाणूने कर्करोग हटवण्याची कल्पना याहूनही जुनी आहे. १८९१ साली न्यूयॉर्कमधील विल्यम कोली या शल्यवैद्याला रुग्णालयाच्या जुन्या कागदांत एका माणसाची हकिगत सापडली. त्याच्या मानेची गाठ वारंवार कापूनही परत येत होती. पुढे त्याला धावरे होऊन कडक ताप आला आणि त्या तापानंतर गाठ विरून गेली. कोली यांनी त्याला शोधून काढले तेव्हा तो धडधाकट होता. मग त्यांनी धावऱ्याचे जिवाणू आपल्या रुग्णांना टोचले. काहींच्या गाठी विरल्या, पण काही रुग्ण त्या संसर्गानेच दगावले. पुढे ते मारलेले जिवाणू वापरू लागले. पण गुण कोणाला येईल याचा भरवसा नव्हता. किरणांचे उपचार आल्यावर ती पद्धत मागे पडली.

खरे यश मिळाले ते बीसीजीला. आपल्या प्रत्येक बाळाच्या डाव्या दंडावर क्षयाची जी लस टोचतात, तीच ही बीसीजी. तिचा जन्म शेतकऱ्याने ऐकण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये काल्मेत नावाचे डॉक्टर आणि गेराँ नावाचे गुरांचे डॉक्टर यांनी १९०८ साली गाईच्या क्षयाचा जिवाणू घेतला. बैलाचे पित्त व ग्लिसरीन यांत शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर त्याला वाढवायला सुरुवात केली. दर काही आठवड्यांनी नव्या कापावर नवी लागवड. असे २३० वेळा आणि तब्बल १३ वर्षे चालले. मधल्या काळात पहिले महायुद्ध येऊन गेले, तरी त्यांनी लागवड मोडू दिली नाही. १९२१ पर्यंत तो जिवाणू इतका निवळला, की क्षय करण्याची त्याची ताकद गेली, पण शरीराला सावध करण्याची ताकद राहिली.

१९७६ साली कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी हे जिवंत बीसीजी मूत्राशयाचा कर्करोग असलेल्या नऊ रुग्णांच्या मूत्राशयात नळीने सोडले व त्याचा गुण आल्याचे जाहीर केले. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. १९९० साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. आज आपल्या देशातही मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरत्या कर्करोगावर हा नेहमीचा उपचार आहे.

त्याची रीत अशी. प्रथम दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात. काही आठवड्यांनी बारीक नळीने बीसीजीचे पाणी मूत्राशयात सोडतात व रुग्णाने ते सुमारे दोन तास धरून ठेवावयाचे असते. असे आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे अधूनमधून. लघवीला जळजळ, थोडा ताप, अंगदुखी होऊ शकते. ताप जास्त आला किंवा उतरेना, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवावे लागते, कारण औषध जिवंत आहे. येथे जिवाणू स्वतः गाठ खात नाहीत. ते अस्तरात शिरतात, शरीराच्या रक्षक पेशी त्यांच्या मागे धावून येतात आणि त्या झटापटीत कर्करोगाच्या पेशीही ओळखल्या जाऊन मारल्या जातात.

पुण्याशी असलेले नाते

हे बीसीजी पुण्यात बनते. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली डॉ. सायरस पूनावाला यांनी सुरू केली. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय शर्यतीचे घोडे पाळण्याचा. म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात व तेथे त्यांच्या रक्तापासून धनुर्वाताचे आणि सर्पदंशाचे प्रतिविष तयार होई. त्यातूनच स्वतः लस बनवण्याचा विचार निघाला. आज बाळांची बीसीजी आणि मूत्राशयाच्या कर्करोगासाठी वेगळ्या मात्रेचे बीसीजी, ही दोन्ही तेथे तयार होतात.

आता जनुक बदललेल्या जिवाणूकडे येऊ. बर्लिनमधील मॅक्स प्लांक संस्थेत स्टेफान काउफमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीसीजीत दोन बदल केले. बीसीजीला आपल्या रक्षक पेशी गिळतात, तेव्हा तो पेशीतल्या एका पिशवीत बंद होऊन बसतो. लिस्टेरिया नावाच्या दुसऱ्या जिवाणूकडे अशा पिशवीला भोके पाडणारे एक प्रथिन असते. त्याचे जनुक बीसीजीत घातले. हे प्रथिन आंबट जागी चांगले काम करते. म्हणून पिशवीतला आंबटपणा घालवणारे बीसीजीचे स्वतःचे जनुक काढून टाकले. आता पिशवीला भोके पडतात, जिवाणूचा माल पेशीत सांडतो आणि शरीर अधिक जोराने जागे होते. या जिवाणूचे नाव व्हीपीएम १००२. तो बनवण्याचे हक्क पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने घेतले.

ज्या रुग्णांना साधे बीसीजी देऊनही मूत्राशयाचा कर्करोग परतला होता, अशा सुमारे ४० जणांवर स्वित्झर्लंड व जर्मनीत त्याची चाचणी झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६० आठवड्यांनंतरही सुमारे निम्म्यांच्या मूत्राशयात रोग परतलेला नव्हता. अशा रुग्णांना पुष्कळदा मूत्राशयच काढून टाकावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या निम्म्याची किंमत कळते. परंतु चाचणी लहान होती. बाजारात मिळणारे औषध होण्यास याहून मोठा पुरावा लागतो.

गाठीतच औषधाचा कारखाना

यापुढची पायरी अधिक धाडसाची आहे. जिवाणू गाठीत शिरतो, हे समजले. मग औषधाचे प्रथिन बाहेर बनवून अंगभर फिरवण्यापेक्षा ते बनवण्याचा हुकूमच जिवाणूत घातला तर? जिवाणू गाठीत जाईल, वाढेल आणि प्रथिन तेथेच सांडेल. गुऱ्हाळ उसाच्या फडातच मांडावे, असा हा विचार.

यासाठी बरेच शास्त्रज्ञ ई. कोलाय निसल १९१७ हा जिवाणू वापरतात. पहिल्या महायुद्धात छावणीभर हगवणीची साथ असताना एक जर्मन सैनिक मात्र आजारी पडला नाही. त्याच्या आतड्यातून डॉ. निसल यांनी १९१७ साली हा निरुपद्रवी जिवाणू वेगळा केला. पोटाच्या तक्रारींवर तो अनेक वर्षांपासून दिला जात असल्यामुळे त्याचा स्वभाव माहितीचा आहे.

आता प्रश्न असा, की जिवाणूने प्रथिन केव्हा सोडावे? वाटेत सोडले तर चांगल्या पेशींना इजा. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१६ साली यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. ती ग्रामसभेच्या गणपूर्तीसारखी आहे. ठराविक माणसे जमल्याशिवाय सभेचे काम सुरू होत नाही. जिवाणूही एक प्रकारचा रासायनिक निरोप सोडून आपण किती जण जमलो याचा अंदाज घेत असतात. गाठीत त्यांची दाटी झाली, गणपूर्ती झाली, की घातलेल्या जनुकामुळे बहुतेक जिवाणू एकदम फुटतात आणि पोटातले औषध सांडतात. मागे उरलेले थोडे पुन्हा वाढतात, पुन्हा दाटी होते, पुन्हा फुटतात. औषधाच्या पाळ्या अशा आपोआप होत राहतात.

२०१९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी अशाच फुटणाऱ्या जिवाणूंत एक खास प्रथिन भरले. कर्करोगाच्या पेशी आपल्या अंगावर "मला खाऊ नका" अशी जणू पाटी लावून रक्षक पेशींना फसवतात. हे प्रथिन ती पाटी झाकते. उंदराच्या एका गाठीत जिवाणू टोचले, तर ती आटलीच, शिवाय न टोचलेल्या दुसऱ्या गाठीची वाढही मंदावली, कारण रक्षक पेशी शहाण्या झाल्या होत्या.

त्याच विद्यापीठात २०२३ साली आणखी एक प्रयोग झाला. जिवाणूंनी गाठीवर केवळ खूण करायची आणि ती खूण ओळखायला शिकवलेल्या रक्षक पेशींनी हल्ला करायचा. रुग्णाच्या रक्षक पेशींना असे शिक्षण देण्याचा उपचार आपल्याकडेही आला आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांनी मिळून तो सिद्ध केला आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. पण तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. घट्ट गाठींवर त्या पेशींना खूण सापडत नाही. जिवाणूंनी ती करून द्यावी, अशी ही खटपट आहे. तिचा प्रयोगही उंदरांपुरताच झालेला आहे.

उंदीर आणि माणूस

वाचकांना येथे थांबवून एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. संशोधन केंद्राच्या प्लॉटवर एखाद्या वाणाचे भरघोस पीक येते. तेच वाण आपल्या मुरमाड रानात, उशिराच्या पावसावर तसे येईलच असे नाही. उंदीर आणि माणूस यांच्यातही असाच फरक आहे.

साल्मोनेला या जिवाणूला निवळवून त्याने उंदरांच्या गाठी आटवण्यात यश आले होते. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत कर्करोग पसरलेल्या २५ रुग्णांना तो शिरेतून देण्यात आला. २००२ साली निकाल आला. रुग्णांना तो बराचसा सोसला, परंतु मोजक्याच जणांच्या गाठीत जिवाणू रुजल्याचे आढळले आणि एकाचीही गाठ आटली नाही. जिवाणू अति निवळला तर गाठीत रुजत नाही, कमी निवळला तर रक्तात विष पसरवतो. हे माप जुळवणे हीच मोठी अडचण आहे.

दुसरी अडचण जिवंतपणाची. जिवंत वस्तू बदलते. बीटी प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी २०१७ च्या खरिपात महाराष्ट्राने पाहिली आहे. तेथे बदलली अळी, येथे जिवाणू स्वतःच बदलू शकतो आणि दिलेले जनुक टाकून देऊ शकतो. म्हणून शास्त्रज्ञ प्रतिजैविकाने सहज मरणारेच जिवाणू निवडतात, किंवा विशिष्ट खाद्य मिळाले नाही तर तगणार नाहीत अशी तजवीज त्यांच्यात करतात. हे सारे तपासायला वर्षे लागतात आणि ती लागलीच पाहिजेत.

आजची स्थिती एका वाक्यात सांगायची तर अशी : साधे बीसीजी मूत्राशयाच्या अस्तरापुरत्या कर्करोगावर मान्यताप्राप्त औषध आहे, गाठीत शिरून औषधाचे प्रथिन सोडणारा, जनुक बदललेला कोणताही जिवाणू मात्र अजून नेहमीच्या उपचारासाठी मंजूर झालेला नाही. असे औषध देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे. खरी चाचणी नामांकित रुग्णालयात, लेखी संमती घेऊन होते आणि चाचणीच्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.

आणखी एक सूचना. जिवाणू चांगले असतात हे वाचून कोणी जिवाणू खताची पाकिटे किंवा जीवामृत पोटात घेण्याचा विचारही करू नये. ते पिकासाठी आहे. दही-ताक घरचे चांगले, पण त्याने कर्करोग बरा होत नाही. ज्याचे औषध चालू आहे त्याने काय खावे हे त्याच्या डॉक्टरांनाच विचारावे.

आज आपल्या हाती काय आहे

कर्करोगाची भीती दाखवून काय होते, हे बीड जिल्ह्याइतके कोणाला माहीत असणार? २०१९ साली शासनाच्या समितीने जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या महिलांची पाहणी केली. ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून जाते, पोट दुखते अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येक तरुण बायांना पिशवीत पुढे कॅन्सर होईल असे सांगण्यात आले होते. तेव्हा भीतीपोटी ऑपरेशन करून घेऊ नये आणि आशेपोटी उपचार सोडू नये. दोन्ही वेळा दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातील तज्ज्ञांचे मत घ्यावे. कर्करोग आहे की नाही, हे गाठीचा तुकडा तपासल्यावर ठरते, अंदाजाने नाही.

वेळेवर तपासणीने काय साधते, याचा दाखला शेजारच्याच जिल्ह्यात आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने खेड्यांतील ३० ते ५९ वर्षांच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष जगभर गेले. ज्या गावांत महिलांची गर्भाशयमुखाची विषाणू तपासणी केवळ एकदा झाली, तेथे या कर्करोगाने होणारे मृत्यू, तपासणी न झालेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्मे होते. जनुक बदललेले जिवाणू अजून जे करू शकलेले नाहीत, ते एका तपासणीने खेड्यात करून दाखवले आहे.

म्हणून पुढील गोष्टी घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवाव्यात.

१. लघवीतून रक्त गेले, मग ते दुखले नाही आणि एकदाच गेले तरी, उन्हाळी लागली म्हणून धणे-जिऱ्याच्या पाण्यावर भागवू नये. मूत्राशयाच्या कर्करोगाचे हे पहिले लक्षण असू शकते. बिडी ओढणाऱ्यांनी तर मुळीच अंगावर काढू नये. धुराचे विष लघवीवाटेच बाहेर पडते आणि मूत्राशयात साचून राहते. रोग अस्तरापुरता असतानाच बीसीजीचा उपयोग होतो.

२. तोंडातील चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड पूर्ण उघडेना, तर दाखवावे. तंबाखू, गुटखा आणि मिश्री ही घरातून घालवावी. मिश्री लावणाऱ्या आई-आजींनाही हे लागू आहे.

३. स्तनातील गाठ दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नये. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, किंवा पाळीशिवाय अंगावरून जाऊ लागले, तर लाज न धरता सांगावे. घरातल्या पुरुषांनी सोबत जावे. सुगी आहे, तोडीला जायचे आहे, ही कारणे सांगून चालढकल करू नये.

४. आपल्या भागासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. पुढील उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचे कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च मिळतो. शेत गहाण टाकण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे.

५. उपचार चालू असताना मध्येच सोडू नयेत. अर्धी फवारणी करून पंप ठेवून दिला तर कीड दुपटीने वाढते, हे आपण जाणतो.

जिवाणूंच्या औषधावर पुण्यापासून न्यूयॉर्कपर्यंत काम चालू आहे. एक बीसीजी तयार व्हायला १३ वर्षे बटाट्याच्या कापांवर लागवड करावी लागली, आणि ते कर्करोगाच्या कामी यायला त्यानंतर ५५ वर्षे गेली. नव्या जिवाणूंना कदाचित इतका वेळ लागणार नाही. उद्या ते औषध सिद्ध झाले तर आपल्या डॉक्टरांकडूनच आपल्याला कळेल. त्याची वाट पाहत कोणी घरी बसू नये. हाताशी असलेला उपचार आज सुरू करावा आणि दवाखान्याने दिलेली तारीख चुकवू नये.